अण्णाची करंट गाडी

अण्णा माझ्या दारात कधी आला नाही. ही माझी तक्रार आहे, आणि ती मी कोणाला कमी करू दिलेली नाही.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमची माणसं बेंगळूरला कधी आली ते घरात कोणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड आणि हातात सुई, एवढं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. वडिलांचं चिकपेटेत शिवणकामाचं दुकान होतं. व्यवहारातली एकच गोष्ट त्यांनी आम्हा दोघांना शिकवली. गिऱ्हाईक समोर बसलं की कापड उलगडायचं, त्यावरून हात फिरवायचा, पण भावाचा आकडा आपल्या तोंडून काढायचा नाही. समोरच्याला आधी बोलू द्यायचं. आधी बोलणारा शेवटी खाली येतो, असं ते म्हणत आणि तसं करून दाखवत.

वडील गेल्यावर वाटणीचं बोलायला आम्ही दोघं भाऊ कटिंगच्या टेबलाच्या दोन बाजूंना बसलो, आणि दोघंही गप्प बसलो. कारागीर मशीन थांबवून आमच्याकडे बघत होते. दुपार झाली. मी तापट, मला राहवलं नाही, मी बोललो. काय मागितलं ते आता महत्त्वाचं नाही. अण्णानं सगळ्यांच्या देखत म्हटलं, "घरच्या माणसाशी घासाघीस करतोस? मग बाजारातच जाऊन बस."

बसलो. शिवाजीनगरात जुन्या बॅटऱ्या, जळक्या मोटारी, भंगारातल्या वायरी घेऊन फुटपाथवर बसलो आणि तिथून वर आलो. दुकान झालं, जयनगरला घर झालं. ह्यात कोणाचा हात नाही. वास्तुशांतीची पत्रिका मी अण्णाला टपालानं पाठवली. थोरल्या भावाकडे अक्षता घेऊन स्वतः जायचं असतं, मला ठाऊक होतं. पण गेलो असतो तर पुन्हा मीच आधी बोललो असतो. एकदा बोलून काय मिळालं ते मी विसरलो नव्हतो. आता त्यानं यायचं, माझ्या दारात उभं राहायचं आणि त्यानं आधी बोलायचं. मला दुसरं काही नको होतं. तो आला नाही, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे एका हिवाळ्यात तो गेला.

त्याच्या राजाजीनगरच्या घरी मी गेलो. मेलेल्या माणसाच्या दारात जाण्याला मी हार मानत नाही.

तेरावा झाला. पाहुणे पांगले. मी चपला शोधत होतो तेव्हा वहिनी मागून आली आणि घराच्या बाजूच्या बोळाकडे बोट करून म्हणाली, "जाताना ही घेऊन जा. येता-जाता पदर अडकतो."

बोळात एक गाडी उभी होती. मोपेडसारखी, पण इंजिन नाही, धुराडं नाही. मागच्या चाकाच्या पोटातच मोटार. विजेवर चालणाऱ्या अशा गाड्या त्या सुमाराला एक-दोघांनी विकायला काढल्या होत्या आणि त्या काही फारशा खपल्या नव्हत्या. आमच्याकडे लोक तिला करंट गाडी म्हणायचे.

तशी गाडी मी त्याआधी एकदाच नीट पाहिली होती, माझ्याच फाटकासमोर. पावसाळी सकाळ होती, मला मालाचा टेम्पो वळवून आत घ्यायचा होता, आणि मंकी कॅप घालून, शाल लपेटून कोणी म्हातारा गाडीवर पाठमोरा बसला होता. मी कन्नडमध्ये ओरडलो, "ए, गाडी काढ बाजूला!" तो वळला नाही. गाडी मात्र सरकली. आवाज नाही, धूर नाही, माणसाचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाण्यावरून पान वाहत जावं तशी ती पुढं गेली आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. मी ओरडायला उघडलेलं तोंड मिटायचंच विसरलो होतो. टेम्पोवाल्यानं विचारलं, "काय साहेब, भूत बघितलं काय?"

"विकून टाका," मी वहिनीला म्हणालो.

"कोण घेतंय? विकणाराच दुकान बंद करून गेला. आणि ती चालू होत नाही."

"काय झालं होतं?"

"आयुधपूजेच्या दिवशी हे सकाळीच घेऊन गेले. मी पूजेचं ताट धरून वाट बघत बसले, गाडीची पूजा राहिलीच. परत आले ते ढकलत. घामाघूम. दुसऱ्या दिवशी चावी फिरवली तर दिवासुद्धा लागला नाही. म्हणाले, राहू दे आता." तिनं पदरानं गाडीच्या सीटवरची धूळ झटकली. "तू तर बाजारात मेलेल्या मोटारी उठवतोस म्हणे."

"फुकट मी काही नेत नाही. ह्या घरातून तर नाहीच."

"अजून तस्साच आहेस. सरी, बरं, फुकट नको. चालू झाली की एकदा चालवत ह्या दारापर्यंत आण. एवढंच दे."

"टेम्पोत घालून आणतो."

"चालवत."

"कोपऱ्यापर्यंत."

"दारापर्यंत," वहिनी म्हणाली आणि आत निघून गेली. मी लग्नघरात, बाजारात, कोर्टाच्या पायरीवर सौदे केलेत, पण इतक्या लवकर कोणी मला बांधून घातलं नव्हतं.

रविवारी लगेज ऑटोत घालून मी गाडी जयनगरला आणली. आमच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडे एक बेकरी आहे आणि तिच्या बाजूला करंजाचं झाड. ऑटोवाल्यानं गाडी उतरवून झाडाखाली टेकवली आणि मी त्याच्याशी भाड्यावरून हुज्जत घालत होतो, तेवढ्यात गल्लीतले कुत्रे आले. ही जात नवी गाडी दिसली की आधी चाक हुंगते, मग पाय वर करते. त्यांनी तसं काही केलं नाही. ते येऊन गाडीभोवती गप्प बसले. एकानं पाय ठेवायच्या जागेवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले.

"तुमच्या घरचेच दिसतात," ऑटोवाला म्हणाला.

मी हाकललं. ते दूर झाले आणि मी पाठ फिरवताच पुन्हा येऊन बसले.

मग फुलवाली अक्का आली. सकाळची राहिलेली फुलं संपवायला ती ह्या वेळी फिरते. तिनं टोपलीतून हातभर गजरा तोडला आणि मला न विचारता हँडलला गुंडाळला. "गजरा स्वल्प कमी झाला," ती म्हणाली. मला नव्हे. तिची नजर रिकाम्या सीटकडे होती.

"अक्का, काय करतेस? ही गाडी मी आजच आणली आहे."

ती हसली. "सरी, सरी. आजच आणलीत!"

"खोटं सांगतोय मी?"

"मी कुठं म्हणाले? खूप दिवसांनी आली, बरं वाटलं," ती म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली. थोडं पुढं जाऊन तिनं वळून पाहिलं, पुन्हा सीटकडेच.

भर दुपारी, रस्त्यावर ऊन पडलेलं असताना, माझ्या मानेवर गार वाऱ्यासारखं काहीतरी फिरलं. मी गाडी ढकलत अंगणात घेतली आणि फाटक लावून घेतलं. कुत्रे फाटकाबाहेर ओळीनं बसून राहिले.

काम हातात घेतलं की माझं डोकं ताळ्यावर येतं. मी चावी फिरवली. काही नाही. फ्यूज काढून पाहिला, शाबूत होता. चावीचं कुलूप बाजूला ठेवून तारा थेट जोडून पाहिल्या. काही नाही. ब्रेक दाबला की मोटारीचा करंट तोडणारं एक बटण असतं, ते अडकलंय का पाहिलं. नव्हतं. मग सीट काढली आणि बॅटऱ्यांना मीटर लावला. काटा जेमतेम हलला. फुगलेल्या नव्हत्या, फुटलेल्या नव्हत्या, पाणी बेतशीर होतं. त्या नुसत्या रिकाम्या होत्या. उपाशी ठेवून मारल्यासारख्या. अशा बॅटऱ्या हळूहळू पाजल्या तर पुष्कळदा उठतात, हाच माझा धंदा.

एक गोष्ट मात्र खटकली. डावीकडचा आरसा भलत्याच कोनात आत वळवलेला होता. त्यातून मागचा रस्ता दिसणं शक्यच नव्हतं. सरळ करायला गेलो तर हलेना. स्क्रू मुद्दाम आवळून वर रंगाचा थेंब टाकला होता, पुन्हा फिरू नये म्हणून.

चार्जर सीटखाली नव्हता, पिशवीत नव्हता. वहिनीला फोन केला.

"चार्जर? तो घरी कधीच नव्हता."

"म्हणजे?"

"एकदा लावला तर घरभर अंधार झाला. फ्यूज उडाला. त्यानंतर कधी आणला नाही."

"मग चार्ज कुठं करायचा?"

"वाचनालयात करतो म्हणायचे. तिथंच तर जायचे रोज. सकाळी जायचे ते दुपारी यायचे." मग तिनं विचारलं, "का रे? वाचनालयात विचारून बघू?"

मी उत्तर देणार तोच फाटक वाजलं. बेकरीवाला उभा होता, हातात मैद्याच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी जड. मी फोन ठेवला.

"गाडी आत घेतलीत," तो कन्नडमध्ये म्हणाला, "म्हणून म्हटलं हे इकडंच द्यावं. अण्णा कसे आहेत? तब्येत बरी नाही का?"

मी पिशवी उघडली. आत चार्जर होता.

"कोण अण्णा?"

"गाडीचे अण्णा." तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसा काही मी चेष्टा करतोय. "सकाळी यायचे, माझ्या प्लगला गाडी लावायचे आणि तिच्यावरच बसून राहायचे. तुमचं दुकान बंद असलं, तुम्ही घरी असलात, की दुपारपर्यंत. तुम्ही गेलात की थोड्या वेळानं पलीकडच्या पार्कात जाऊन बसायचे, गाडी भरेपर्यंत. मी बन द्यायचो तर अर्धा ह्या कुत्र्यांना."

"माझ्या फाटकासमोर?"

"समोर म्हणजे, पाठ करून. मी म्हणायचो, अण्णा, इकडं तोंड करून बसा, तिकडून ऊन येतं डोळ्यांवर. म्हणायचे, मला असंच बरं दिसतं." तो हसला. "तुमचे कोणी लागतात का? चालण्यात जरा सारखेपणा आहे."

मी त्याला काय सांगितलं ते आठवत नाही. तो गेला एवढं आठवतं. मग मी गाडी पुन्हा ढकलत बाहेर काढली, झाडाखाली नेली आणि जिथं कुत्र्यांनी जागा घासून गुळगुळीत केली होती तिथं उभी केली. घराकडे पाठ करून तिच्यावर बसलो. सीटला खोलगट आकार पडला होता. मी त्यात नीट बसलो, ही गोष्ट मला मुळीच आवडली नाही. मग मान न वळवता डाव्या आरशात पाहिलं.

आरशात माझं दार होतं. गेट नाही, खिडकी नाही, बरोबर दार. उंबरा, वरचं तोरण, बाजूची माझी चपलांची फळी. चित्राला चौकट करावी तसं बसवलेलं. आणि दारात माझी बायको उभी होती, कडीला हात लावून, आरशातून थेट माझ्याकडे बघत. ती जागा तिला माहीत असल्यासारखी. तिचा चेहरा अगदी पांढरा पडला होता.

मी वळेपर्यंत ती आत गेली होती.

मी तिला लगेच विचारलं नाही. रागात असलो की मी हात चालवतो. गाडी आत आणली, चार्जर भिंतीच्या प्लगला लावला, दुसरं टोक गाडीच्या पोटातल्या झाकणाखालच्या सॉकेटमध्ये खुपसलं. चार्जरचा दिवा लागला नाही. तोच चार्जर माझ्याकडच्या एका सुट्या बॅटरीला लावला तर लागला. म्हणजे चार्जर बरा, बॅटऱ्या उपाशी, आणि मधली वाट बंद. मी सॉकेटचे स्क्रू काढले आणि उजेडात धरलं.

आत हळदीकुंकवाचं गंध भरलं होतं. वाळून कडक झालेलं, लालपिवळं, पितळेच्या पिनांवर हिरवट कीट चढवणारं. वास घेतला. तिळाचं तेल आणि कापूर.

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, सगळं बेंगळूर आपल्या गाड्यांना गंध लावतं. लोक दिव्यावर लावतात, हँडलवर लावतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, कोहळा फोडतात. आमच्या घराची रीत वेगळी आहे. आई शिलाईच्या मशीनला गंध लावायची ते तेल घालायच्या भोकावर. यंत्र जिथून खातं तिथं लावायचं, म्हणजे ते वर्षभर उपाशी राहत नाही, असं तिचं म्हणणं. पुढं स्कूटर आली तेव्हा तिनं पेट्रोलच्या टाकीच्या तोंडावर लावलं. गंधात तिळाचं तेल आणि कापूर घालायची तीच. तिनं ही रीत दोघी सुनांना शिकवली, तिसरं कोणी असं करत नाही. दोघींपैकी एक त्या दिवशी ताट धरून राजाजीनगरला वाट बघत बसली होती.

मी सॉकेट घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

"हे कोणी लावलं?"

बायकोनं गॅस बंद केला. "मी."

"का?"

"आयुधपूजा होती. तुम्ही शिवाजीनगरला दुकानात होतात. दारासमोर चाकाचं काहीही उभं असलं तरी गंध लावून पाठवायचं, सासूबाईंनीच सांगितलंय. दूधवाल्याच्या सायकललासुद्धा लावलं."

"दूधवाला सोड. तो कोण आहे हे तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. मंकी कॅप घातली म्हणून काय माणूस ओळखू येत नाही?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"शपथ घातली होती त्यांनी. म्हणाले, त्याला बोलावू नकोस, सुचवू नकोस. मी आत या म्हणायचे रोज. ते म्हणायचे, मी फाटकापर्यंत आलोय. पुढचं त्याचं."

पुढचं त्याचं! मी तिथंच पाटावर बसलो. मला आमच्या दुकानातलं कटिंगचं टेबल दिसलं, त्याच्या दोन बाजू, आणि पलीकडे बसलेला, ओठ मिटलेला अण्णा. तो मला भेटायला येत नव्हता. तो सौदा करत होता. फाटकापर्यंत येऊन, पाठ करून, आरशातून माझ्या तोंडाकडे बघत मी आधी बोलण्याची वाट पाहत होता. आणि मला समोर गिऱ्हाईक बसलंय हेच माहीत नव्हतं. असा सौदा कोणी करतं का? ही सरळ फसवणूक आहे.

"मी बोललो होतो," एकदम आठवून मी म्हणालो. "पावसाळ्यात. टेम्पो आत घ्यायचा होता तेव्हा. आधी मीच बोललो होतो!"

"सांगितलं त्यांनी मला." बायको हसत होती की रडत होती कळलं नाही. "दुसऱ्या दिवशी सांगितलं. म्हणाले, बोलला गं. पण 'गाडी काढ' हे धरत नाही मी."

"का धरत नाही? आधी कोण बोललं एवढंच बघायचं असतं!"

"ते तुम्ही दोघं बघा," ती म्हणाली, जसा काही तो बाहेर अंगणात बसला होता. मग माझ्या हातातल्या सॉकेटकडे तिची नजर गेली. "त्या दिवशी गंध जरा पातळ झालं होतं. ते म्हणालेही, अगं तोंडात जाईल तिच्या. मी म्हटलं, तोंडातच द्यायचं असतं. त्याच्यानंतर ते आलेच नाहीत. अहो, त्याच्यानंच बंद पडली का ती?"

"गंधानं काय होतंय?" मी म्हणालो. "बॅटऱ्या जुन्या होत्या."

तिनं गॅस पुन्हा लावला. मी सॉकेट खिशात घातलं आणि बाहेर आलो. ती माझ्याइतकी वर्षं बॅटरीवाल्याच्या घरात राहिली आहे.

पिना घासल्या, सॉकेट गरम पाण्यानं धुतलं, वाळवलं, बसवलं. चार्जर लावला तसा दिवा लागला. बॅटऱ्यांना सावकाश पाजायला काही दिवस गेले. मग एका संध्याकाळी चावी फिरवली आणि हँडलमधला हिरवा दिवा असा उमटला, जसा कोणीतरी झोपेतून डोळा उघडावा. चाक हवेत उचलून मूठ पिळली. फिरलं. पुढचा दिवा लागला, मागचा लागला. हॉर्न वाजला नाही.

हॉर्नचं झाकण उघडलं. तार तुटली नव्हती. ती कापून बाजूला घेतली होती, टोकाला काळी पट्टी गुंडाळली होती आणि पट्टीवर पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारली होती. बटण शिवल्यावर दोरा संपवायची आमच्या दुकानातली गाठ. वडिलांची बोटं, अण्णाची बोटं, माझीही. चुकूनसुद्धा आपल्याकडून आवाज होऊ नये म्हणून त्यानं गाडीचं तोंड शिवून टाकलं होतं.

पक्कड माझ्या हातात होती. तार जोडायला क्षणभर लागला असता. मी जोडली नाही. बोलायचं नाही ना तुला? नको बोलूस. मी झाकण लावून टाकलं.

एका थंड सकाळी मी निघालो. डोक्याला मंकी कॅप, अंगावर शाल, कारण थंडी होती, दुसरं कारण नव्हतं. ज्यानं आयुष्यभर स्कूटर आणि टेम्पो चालवलेत त्याला ह्या गाडीवर बसणं म्हणजे स्वप्नात चालणं. पायाखाली काही धडधडत नाही. स्वतःचा श्वास ऐकू येतो. रस्ता ओलांडणारी माणसं आपल्याला ऐकत नाहीत, अगदी अंगाजवळून गेलो की दचकतात आणि मग आपल्याकडे असं बघतात, जसं काही आपण आता इथं नव्हतोच. आरसा तसाच होता. त्यात मागचा रस्ता दिसत नव्हता, नुसती दारं दिसत होती. एकामागून एक लोकांची बंद दारं माझ्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून सरकत होती. एका चौकातल्या चहावाल्यानं मला पाहून हात वर केला. पुढं शाळेच्या फाटकावरच्या वॉचमननं केला. त्या वाटेवर माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. मी दोघांनाही हात केला. न करणं बरं दिसलं नसतं.

राजाजीनगरच्या त्या घराचं दार लावलेलं होतं. मी समोर, रस्त्यापलीकडे गाडी थांबवली. वहिनीनं दारापर्यंत म्हटलं होतं, हे दारापर्यंत धरायला हरकत नव्हती. आता तिनं यायचं. हाक मी मारणार नव्हतो. गाडी उभी करताना ती आपोआप तशीच वळली, दाराकडे पाठ करून. आणि मी बसून राहिलो. आरशात ते हिरवं दार, त्यावरची पितळी कडी.

आत भांड्यांचा आवाज येत होता. मी बसलो होतो. ऊन पायापाशी आलं. एक कुत्रा कुठूनसा आला आणि पाय ठेवायच्या जागेवर हनुवटी टेकून पडला. मला कळून चुकलं की असं बसणं अवघड नाही. सवय लागते. पुढची हाक आपलीच आहे हे माहीत असूनही माणूस वर्षानुवर्षं असा बसू शकतो आणि त्याला आपण जिंकतोय असं वाटत राहतं.

तेवढ्यात हॉर्न वाजला.

मोठ्यानं नाही. गिऱ्हाइकासमोर वडील घसा साफ करायचे तसा, बारीक, एकदाच. माझे दोन्ही हात शालीत होते.

आरशात कडी हलली, दार उघडलं. वहिनी ओल्या हातांनी बाहेर आली. माझ्या पाठीकडे, टोपीकडे तिनं पाहिलं, आणि रोजच्या आवाजात, जराशा काळजीनं विचारलं, "आज वाचनालय बंद होतं का?"

मी हळूच टोपी काढली आणि वळलो. "वहिनी, मी आहे."

तिनं चौकट धरली. मग ओले हात पदराला पुसून म्हणाली, "ठाऊक आहे. खाकरल्यासारखा आवाज ऐकून वाटलं, एवढंच. आत ये, कॉफी टाकते."

"गाडी दारापर्यंत आणली," मी म्हणालो.

"रस्त्यापलीकडे थांबलायस. ते धरत नाही मी."

मी उतरलो, कुत्र्याला उठवलं आणि गाडी ढकलत अगदी उंबऱ्याला लावली. मग आत गेलो.

कॉफी पिऊन झाल्यावर मी हॉर्नचं झाकण उघडून पाहिलं. खड्ड्यांतून येताना पट्टी सुटली असेल, तारेचं टोक लोखंडाला टेकलं असेल, तर हॉर्न वाजू शकतो. रोज बघतो मी असं. विचारणाऱ्याला मी हेच सांगतो. पण पट्टी जागेवर होती आणि पांढऱ्या दोऱ्याची गाठ घट्ट होती.

मी ती सोडलेली नाही. गाडी अजून माझ्या अंगणात आहे आणि तक्रारही आहे तिथंच आहे, की तो दारात आला नाही. फक्त आधी कोण बोललं, तो की मी, हे आता मला ठामपणे सांगता येत नाही.